डावीकडे बघा

एकोणीस वर्षं मी रस्त्याकडं पाठ करून उभा आहे.
ड्रायव्हरच्या मागं, दांडीला कंबर टेकवून,
हातात माइक, वायर तीन ठिकाणी चिकटपट्टीनं जोडलेली,
आणि तोंड तुमच्याकडं.

तुमचं डावं ते माझं उजवं.
म्हणून "डावीकडे बघा" म्हणताना
माझा उजवा हात वर जातो.
आता घरीही तसंच होतं.
जुलेखा म्हणते, डाव्या डब्यातलं मीठ द्या,
मी साखर देतो.
तांबडा रस्सा गोड लागला की पोरं म्हणतात,
अब्बा आज पन्हाळ्याला जाऊन आले.

सकाळी सात, बिंदू चौक.
आठ ठिकाणं, एक जेवण, चपला ज्याच्या त्यानं सांभाळायच्या.
देवळात किरणांचा हिशेब सांगतो,
खासबागेत रिकाम्या हौद्यातली तांबडी माती दाखवतो,
रंकाळ्यावर दहा मिनिटं, त्यात भेळ धरलेली नाही.

मग शिवाजी पूल ओलांडला की
डोंगर सुरू होतात, असं म्हणतात.
मला ते येताना कधी दिसले नाहीत.
मागच्या काचेतून दिसतं ते होऊन गेलेलं:
केर्लीचा ऊस बारीक होत जाणारा,
वाघबिळाचं वळण, सुटल्यावर कळणारं.

बाकीचं मी तुमच्या तोंडावर वाचतो.
तटबंदी आली, हे तिसऱ्या रांगेतल्या बाईंच्या
भुवयांवरून कळतं.
दरी आली की पोरं गप्प होतात
आणि सकाळपासून न बोललेले नवरा-बायको
एकमेकांचं मनगट धरतात.
जोतिबा म्हणजे चष्म्यांच्या काचांत
दोन-दोन गुलाबी ठिपके.

धुकं असलं की सगळे चेहरे कोरे.
तेव्हा मी म्हणतो, इथून मसाई पठार दिसतं.
आणि माणसं खरोखर बघतात,
मान वाकडी करून, पांढऱ्यात.
पैसे परत कुणी मागितले नाहीत अजून.

गेल्या श्रावणात घसा बसला.
डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस एक शब्द नाही.
मालकांनी कसबा बावड्याची पोरगी घेतली, श्रावस्ती कांबळे,
आणि मला म्हणाले, दस्तगीर, तू नुसता बस,
चुकली तर खूण कर.

सीट नंबर नऊ. खिडकी.

गाडी सुटली आणि मला मळमळलं.
रस्ता माझ्याकडं येत होता!
पूल लांबून दिसला, मोठा झाला, मग अंगाखालून गेला.
एक चिंच येणार, येणार म्हणत आली.
सगळ्यांना हे रोज फुकटात मिळत होतं
आणि मला कुणी सांगितलं नव्हतं.

तिनं एक सन चुकवला,
अंबरखान्याच्या कोठारांची नावं मागं-पुढं केली.
मी खूण केली नाही.

वाघबिळाच्या वर ती म्हणाली, "डावीकडे बघा."
सगळी गाडी डावीकडं वळली.
मी उजवीकडं.

तिथं यादीतलं काही नव्हतं.
कापलेल्या डोंगराची कड, मुरूम,
त्यातून पाझरणारं गढूळ पाणी,
आणि कडेला एक बाई
डोक्यावरची खोळ काढून
म्हशीच्या पाठीवर घालत होती.
स्वतः भिजत.

तिनं वर बघितलं.
गाडीच्या त्या अंगाला एकच तोंड होतं, माझं.
तिनं हात केला नाही, मीही नाही.
म्हशीनं तेवढी मान फिरवली
आणि वळण आलं.

आता आवाज परत आलाय.
माइकला चौथी पट्टी लागली.
त्या जागी आलो की मी सांगतो, डावीकडे बघा,
आणि तुम्ही बघता,
आणि मी तुमच्या वळलेल्या डोक्यांवरून
पलीकडच्या काचेतून जाणारा मुरूम बघत राहतो.
पुढचं वाक्य येत नाही.

बंडा आरशातून विचारतो,
"काय ओ दस्तगीरभाई, माइक गेला व्हय?"

"न्हाई रे," मी म्हणतो. "घसा."